शीर शोधणारी पोरगी

पाटोद्याहून बीडला निघालेल्या एसटीत एक पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि पिशवी मांडीवर घ्यायच्या आधीच म्हणाली, "काका, हात द्या जरा."

"कावून?"

"शीर शोधायचीय. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला हाय मी. आज रक्त काढायची परीक्षा हाय."

माझा हात म्हणजे पंचवीस गावांच्या पंगतींनी पोसलेला! त्यात शीर शोधणं म्हणजे आष्टीच्या माळावर समुद्र शोधणं. भलेभले डॉक्टर त्याच्यापुढं सुई ठेवून रडलेत.

ती मात्र डोळे मिटून दोन बोटांनी माझ्या कोपराची आतली बाजू चाचपू लागली. मागच्या परीक्षेत ती शीर शोधण्यातच नापास झाली होती, असं तिनंच सांगितलं.

"आय-बाप ऊसतोडीला जात्यात. त्यांच्या शिरा दोरीवानी वर आलेल्या. त्यांच्याच हातावर शिकले, अन् परीक्षेला आला गुबगुबीत पेशंट! शीर दिसंचना."

तेव्हापासून ती बसमध्ये रोज जाडा माणूस हेरून त्याच्या शेजारी बसायची.

"दिसती ती शीर कुणालाबी सापडंल, काका. बोटाला कळली पायजे... सापडली!"

ती अशी ओरडली, की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

संध्याकाळी परतीच्या बसलाही मी होतो; ती दारातूनच गरजली, "काका, पास! पेशंट आलाच न्हाई, सरांनी सोताचा हात दिला. तुमच्याहून जाड! तरी एकाच सुईत रक्त काढलं."

सगळी बस टाळ्या पिटू लागली. नाव विचारायचं राहूनच गेलं. खरं सांगतो, माझ्याहून जाडा माणूस बीड जिल्ह्यात आहे, हे ऐकून मला तिच्या पास होण्याइतकाच आनंद झाला.