न आलेला ताप

"सिस्टर, तुम्हांला फ्लू होऊन गेलाय," डॉक्टर म्हणाले.

"मला? मला तर ताप आलाच नाही!"

अकोल्याच्या आमच्या दवाखान्यात ड्यूटीआधी सगळ्यांना थर्मामीटर लावत. पारा चढला तो घरी, नाही चढला तो कामावर. माझा एकदाही चढला नव्हता आणि त्याचा मला भारी तोरा होता. पण डॉक्टरांचं ऐकून माझा हात आपोआप पोटावर गेला. आठवा महिना चालू होता.

ही सत्तावन्न सालच्या साथीची गोष्ट. व्हरांड्यातसुद्धा सतरंज्या घालून रोगी झोपवले होते. साथीच्या सुरुवातीला आम्हां कर्मचाऱ्यांचं रक्त काढलं, ती ओसरू लागल्यावर पुन्हा काढलं, आणि नमुने तपासायला पुण्याला गेले. माझ्या पहिल्या नमुन्यात अँटिबॉडी नव्हत्या, दुसऱ्यात भरपूर होत्या. रोग अंगात शिरला की त्याच्याशी झुंजायला रक्त जे तयार करतं, त्या अँटिबॉडी. म्हणजे मधे कधीतरी तो येऊन गेला होता. मला आठवली फक्त अंगदुखीची एक दुपार. दिवस भरत आलेत, दुखायचंच, म्हणून मी ती सोडून दिली होती.

"आणि बाळ?" मी विचारलं. साथीत एक पोटुशी बाई माझ्या डोळ्यांदेखत गेली होती.

डॉक्टरांनी पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं. "ठोके चांगले आहेत. तुमच्या अँटिबॉडी बाळालाही पोचतात. पण जन्माआधी याहून जास्त मी सांगू शकत नाही."

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर सांगते, यापेक्षा ताप परवडला असं वाटतं. तापाला निदान औषध तरी घेता येतं. इथे आजार संपलेला आणि काळजी नवी कोरी. मी रात्रंदिवस पोटातली हालचाल चाचपत बसायची.

त्यात आईनं बोलणं टाकलेलं. सातव्यात मोर्शीला, माहेरी, डोहाळजेवण ठरलं होतं. आपल्याबरोबर साथ जाईल म्हणून मी गेले नाही, आणि तिची हिरवी साडी घडीतच राहिली. माझी नोकरी तिला मुळातच पसंत नव्हती. साथीच्या आधी एकदा आली, तेव्हा वॉर्डातल्या आया कौसाबाई तिची पिशवी हातात द्यायला गेल्या. "खाली ठेव," आई म्हणाली, आणि मग तिनं ती उचलली. आदल्याच वर्षी बौद्ध झालेल्या कौसाबाई वॉर्डात परत गेल्या. मला मात्र फार लाज वाटली.

रक्ताचं कळवलं तशी आई संत्र्यांची टोपली आणि ती साडी घेऊन पहिल्या बसनं आली. "रडून काहून राहिली? नववा लागला तं लागू दे. डोहाळजेवण इथंच करू."

"बाया कुठून आणू?"

"ज्यायच्या रक्तात ते निघालं, त्याच बोलाव. बाकीच्या साथ आनतीन तुह्यापाशी."

एकदा होऊन गेल्यावर आता मला तेवढं भ्यायचं कारण नाही, हे तिला पटेना. आमच्या घरी ओटीला सवाष्ण आणि जात पाहून बाया बोलवत; त्या दिवशी पाहुण्या पुण्याच्या तपासणीनं ठरवल्या. एक ख्रिस्ती नर्स आली, दवाखान्याची स्वयंपाकीण आली. कौसाबाई दाराशीच थांबल्या.

"तुमी बाहेर काहून?" आईनं विचारलं.

"मी विधवा हाओ, माय. अन् ओटी-बिटी आमी सोडली आता."

आई टोपली त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, "ओटी राहू द्या. पोरीले काही खाऊ तं घाला."

कौसाबाईंनी संत्रं सोललं, बिया काढून एकेक फोड माझ्या तोंडात घातली. मला रडू आवरेना.

पुढे त्याच दवाखान्यात माझी सुटका झाली. रडण्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठे मी श्वास सोडला. "खणखणीत आहे," डॉक्टर म्हणाले. कौसाबाईंनी बाळाला पुसून दुपट्यात गुंडाळलं आणि दाराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या आईकडे नेलं. दार उघडंच होतं, मला खाटेवरून दिसत होतं.

"पोरगी हाय, आजी."

आईनं दोन्ही हात पुढे केले. खाली ठेव, असं ती म्हणाली नाही.