थँक यूला उत्तर

समस्त मराठी बंधुभगिनींना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, ब्रिटनच्या भूमीवर कुणी 'थँक यू' म्हटल्यास त्यास 'मेन्शन नॉट' असे उत्तर देऊ नये. बाब अत्यंत गंभीर आहे. उभे असलेल्यांनी कृपया बसून घ्यावे.

हे निवेदन मी स्वानुभवावरून करतो आहे. मी दातांचा डॉक्टर. नागपूरच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की समोरचा थँक यू म्हणाला की आपण मान किंचित झुकवायची आणि 'मेन्शन नॉट' म्हणायचं. लंडनच्या हॅरो भागात दवाखाना थाटला आणि पहिल्याच आठवड्यात एका इंग्रज आजीबाईंची दाढ काढली. जबडा बधिर, ओठ एका बाजूला लोंबतोय, तरी खुर्चीतून उठताना त्या म्हणाल्या, "फँक यू, डॉक्टर." मी झुकून म्हणालो, "मेन्शन नॉट!" बाई घाबरल्याच. बाहेर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला विचारू लागल्या, हा मला कुणाला काही सांगू नको म्हणतोय, याने भलतीच दाढ काढली की काय?

मग मी अभ्यासाला लागलो. 'नॉट अ‍ॅट ऑल' हे सुटाबुटातल्या माणसांचं. 'नो वरीज' तरुण पोरांचं. 'माय प्लेझर' सुंदर आहे, पण दाढ उपटल्यावर म्हणू नये, माणूस बिचकतो. 'चिअर्स' तर अजबच. ते थँक यूही असतं आणि थँक यूला उत्तरही. पोस्टाच्या दारात एकमेकांसाठी दार धरून 'चिअर्स', 'चिअर्स' करणारे दोन गृहस्थ मी पाहिले आहेत. माझ्या मते ते अजून तिथेच असतील.

नवं शतक लागलं आणि पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरवाली पोरं लंडनला येऊ लागली. ती आमच्याकडे जेवायला आली की मी ही सगळी उत्तरं उभा राहून, हातवाऱ्यांसकट करून दाखवायचो. पोरं हसून लोळायची. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, नाटक पुरे! कोशिंबिरीला पाणी सुटतंय."

तिला या शास्त्रात काडीचा रस नव्हता. बाहेर कुणी थँक यू म्हटलं की ती चक्क मराठीत "त्यात काय एवढं!" म्हणून हसायची, आणि गंमत म्हणजे लोकांना ते कळायचं. घरात मात्र या शब्दाला सक्त बंदी. दिवसभर दवाखान्यात बोलून जिभेला सवय लागलेली, त्यामुळे संध्याकाळी चहाचा कप हातात घेताना माझ्या तोंडून निसटायचंच. ती लगेच मागे वळून दाराकडे बघायची.

"कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग थँक यू कुणाला म्हणालात?"

इंग्लंडातच जन्मलेल्या आमच्या मुलीला तेवढी सूट होती. ती उठता-बसता आईला थँक यू म्हणायची. मी एकदा तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "तिचं इंग्लिश आहे. तुमचं ढोंग आहे."

मग ही आजारी पडली. औषधांचा उपयोग होईना, तेव्हा हॉस्पिटलने तिला घरी पाठवलं. पुढच्या खोलीतला टीव्ही हलवून तिथे तिचा पलंग लावला. सकाळी नर्स येऊन जायची. मी दवाखाना एका सहकाऱ्याच्या हवाली केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मऊ भात शिजवला. माझं हे पदार्पण चांगलंच गाजलं.

"हा भात आहे की तुमचं दात भरायचं सिमेंट?" तिने विचारलं.

"खाऊन तर बघ."

"आधी तुम्ही खा. मग मी बघते तुमच्याकडे."

मी घास घेतला. सिमेंट बरं असतं. वरणात मीठ नाही, हळद किती ओतलीय, अहो ते भांडं नाही, त्याच्या मागचं, तुम्हाला दाताशिवाय काही दिसतं का! नर्सला वाटायचं आमचं कडाक्याचं भांडण चाललंय. मी शीळ घालत भांडी घासायचो. जोवर ही माझा उद्धार करते आहे तोवर ही घरातच आहे, असा माझा हिशेब होता.

एका दुपारी मी तिची उशी सारखी केली, आणि ती हळूच म्हणाली, "थँक यू."

मी मागे वळून दाराकडे बघितलं. नर्स विसरलेलं काहीतरी न्यायला परत आली असेल. दारात कुणी नव्हतं.

"कुणाला म्हणालीस?"

"तुम्हालाच. अजून कोण आहे इथे?"

त्या दिवसापासून ते थांबेना. पाणी दिलं, थँक यू. पडदा सरकवला, थँक यू. नर्सला म्हणायची त्याच आवाजात, वेम्बलीहून भाजी आणून देणाऱ्या मैत्रिणीला म्हणायची त्याच आवाजात. इतकी वर्षं मला हक्काने राबवणाऱ्या बाईने मला सगळ्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. मला ते नको होतं. मला शिव्या हव्या होत्या.

मग मी कारस्थान रचलं. चहा इतका पाणचट केला की कपाचा तळ दिसावा. ती दोन घोट प्यायली. थँक यू. वरणाला फोडणीच दिली नाही. थँक यू. शेवटी एक दिवस मी मऊ भात मुद्दाम लागू दिला. करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेला. वाटी तिच्यासमोर धरली आणि पडदा वर जायची वाट बघावी तसा उभा राहिलो. तिने चमच्याच्या टोकावर चार शितं घेतली.

"छान झालाय," ती म्हणाली. "थँक यू हं."

छान! मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तिथे उभा राहिलो.

मुलगी तेव्हा लेस्टरच्या युनिव्हर्सिटीत होती. वीकेंडला घरी आली, आईजवळ बसली आणि मग मला बाहेर गाठून म्हणाली, "बाबा, आई किती पोलाइट झालाय! इट्स सो स्वीट."

"झालीय," मी म्हणालो.

रविवारी दुपारी मी हिच्या पायांना तेल लावत होतो. पाय फार गार पडायचे. मुलगी खिडकीशी बसून संत्रं सोलत होती.

"अहो, पुरे आता. बसा जरा."

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"तेल चांगलं लावता तुम्ही."

"मग! डॉक्टर आहे मी."

ती हसली नाही. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि एकेक शब्द जपून ठेवावा तसं म्हणाली, "सगळ्यासाठीच. इतक्या वर्षांसाठी. थँक यू."

आणि उत्तरासाठी थांबली. डोळे उघडे ठेवून, खरोखरच थांबली. मी तोंड उघडलं, आणि मुलगी दचकून वळेल इतक्या मोठ्या आवाजात माझ्या तोंडून निघून गेलं,

"अगं, एवढ्यात निघालीस का?"