शेजारच्याचं सांग

"झालं तुझं? आता शेजारच्याचं सांग."

एवढं बोलून बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि कुंडीतल्या मातीत बोट खुपसायच्या. शाळकरी मुलांच्या शेती प्रदर्शनात त्या दरवर्षी परीक्षक असत. शनिवार पेठेत राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. असे परीक्षक तुम्हीही पाहिले असतील. मुलं घाबरतात आणि पालक मागे उभे राहून दातओठ खातात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "स्वतःचं सगळे पाठ करून येतात. बाबांनी लिहिलेलं, आईने घोटून घेतलेलं. शेजारच्याचं पाठ करून कोण येणार? ते ज्याला येतं, तो इथे शिकला."

मला हे फार पटायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि ती पाठांतरावर चढलेले नाही, हे मी कुणालाही सांगते. वाघोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मुलांना घेऊन प्रदर्शनाला यायचे. बाईंना माझं नाव कधी लक्षात राहिलं नाही. "अहो वाघोली, तुमच्या मुलांना आवाज दिलाय की नाही देवाने?" असं विचारायच्या.

त्या वर्षी माझ्या नववीतल्या एका मुलीने दुधी आणला होता. घरामागच्या तुकड्यात तिने स्वतः मांडव घालून वाढवलेला. वाघोलीत तेव्हा घरोघरी कॉलेजच्या मुलांसाठी भाड्याच्या खोल्या निघत होत्या. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, "नंबर आणलास तर तुकडा तुझा. नाय तर खोल्या काढतो." टेम्पोत ती तो दुधी मांडीवर घेऊन बसली होती. गचका बसला की आधी त्याला धरायची.

प्रदर्शनात तिच्या शेजारी कोथरूडचा एक मुलगा होता, बाल्कनीत लावलेल्या मेथीचा ट्रे घेऊन. सकाळभर दोघं बोलत होते. म्हणजे तो विचारत होता आणि ही सांगत होती.

बाई आल्या. मुलाने आपलं सांगितलं, मग शेजारच्याचं. "हिचा दुधी मांडवाला लोंबकळत वाढला, म्हणून सरळ आहे. जमिनीला टेकला असता तर खालून पिवळा पडला असता." बाई खूश. मग हिची पाळी. स्वतःचं नीट बोलली. "आता शेजारच्याचं सांग." ही गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं, तर ओढणीचं टोक पिळत खाली बघत राहिली.

पहिला नंबर मुलाचा आला. हिचं नाव कुठेच नव्हतं. वडील मार्केट यार्डात कोथिंबीर उतरवून तसेच आले होते. "बक्षीस भाजीला हाय का भाषणाला?"

बाई म्हणाल्या, "भाजीला द्यायचं तर मुलांना कशाला बोलावलं? दुध्याच्याच गळ्यात मेडल घातलं असतं."

मी मुलीला बाजूला घेतलं. "तुला येत नव्हतं?"

"येत होतं, मॅडम. त्याच्या ट्रेला खाली भोकं नाहीत. पाणी साठून मेथी पिवळी पडायला लागलीय. पण मार्क देणाऱ्यांसमोर कसं सांगायचं? त्याचे गेले असते ना."

हे मी बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि थेट आयोजकांकडे गेल्या. "निकाल बदला." आयोजक म्हणाले, "लाऊडस्पीकरवर सांगून झालंय, बाई. आणि बदलून काय लिहू? न बोलल्याबद्दल प्रथम?"

बाईंनी निकालाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

रविवारी त्या सिटी बसने वाघोलीला आल्या. मला म्हणाल्या, "घर दाखवा." मुलीच्या दारात विटांची रास पडली होती. बाईंनी वडिलांना सरळ सांगितलं, "तुमची मुलगी चुकली नाही. माझा प्रश्न चुकला."

वडिलांची मान ताठ झाली. "पोरगी बरोबरच वागली, बाई. दुसऱ्याच्या पिकाला नावं ठेवायची रीत नाय आपली." आम्हांला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले, "तुम्ही एवढ्या लांब आलात, लय झालं. पण आता विटा आल्यात." आणि आत ओरडले, "चहा ठेव गं!"

चहा मुलीनेच आणून दिला. आम्ही कुणीच तिच्याकडे बघितलं नाही.

परतीच्या बससाठी मी त्यांच्याबरोबर थांबले. बाई म्हणाल्या, "अहो वाघोली, मग मी विचारायला काय हवं होतं?"

बोलणाऱ्याला मार्क द्यावेत, तर न बोलणारी मरते. गप्प बसणाऱ्याला द्यावेत, तर सगळेच गप्प बसतील. आणि त्या मुलाचं तरी काय चुकलं? तो मन लावून शिकलाच होता.

पुढच्या वर्षी बाई आल्या, मुलांचं ऐकून घेतलं, मातीत बोट खुपसलं आणि "शेजा..." एवढं म्हणून पुढे सरकल्या. त्यानंतर त्यांनी यायचंच बंद केलं. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं.

तुकड्यावर खोल्या झाल्या. जिन्यात एका तेलाच्या डब्यात दुधीचा वेल आहे, पण दुधी धरत नाही. ऊन येत नाही तिथे.

यंदा परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. पहिल्या मुलाने आपलं धडाधड म्हणून टाकलं. "झालं तुझं?" मी विचारलं आणि कुंडीतल्या मातीत बोट घातलं. तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा होता. शेजारची मुलगीही माझ्याकडेच बघत होती. माती ओली होती. मी बोट तसंच ठेवलं.