धानोऱ्यातलं महायुद्ध

धानोऱ्याच्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या नोट्स कमी आणि किस्सेच जास्त साठलेत. चालू घडामोडी कळायला हव्यात तर आधी जगाचा इतिहास वाचा, असा माझा हट्ट. शिकवणारा मीच, त्यामुळे ऐकावं लागतं बिचाऱ्यांना.

*

मंगेश इथला पोस्टमन, काम आटोपून वर्गाला येतो. शीतयुद्ध काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. एकदा टपाल वाटता वाटता सरपंचपदाचे दोन उमेदवार बघून आला आणि म्हणाला, "सर, समजलं! हे दोघं एकमेकाले हात लावत नाईत, फक्त दुसऱ्यायच्या भांडणात काठ्या पुरवते." माझी तीन लेक्चरं पाण्यात गेली.

*

सुनंदा जंगलातल्या गावची. वर्गात सगळ्यांत हुशार, हे मी तिच्या तोंडावरही सांगतो. लांबच्या लढाईमुळे तेल महागलं, असं किराणावाल्यानं तिला सुनावलं. हिनं विचारलं, हा डबा दुकानात कधी आला? डबा लढाईच्या आधीचा निघाला. तेल जुन्याच भावात मिळालं. पोरींना नेमकं काय शिकवता, असं तो आता मला विचारतो.

*

आफ्रिकेच्या नकाशावरच्या सरळ सीमा बघून सुनंदानं मान हलवली. आमच्या गावची शीव नाल्यासोबत वळते, टेकडीला वळसा घालते, म्हणाली. "ज्यानं ह्या रेघा मारल्या, त्यानं तिथं पाय ठेवला नसन." पुस्तकात हेच सांगायला चार पानं खर्ची पडलीत.

*

पण सुनंदा परीक्षेत दोनदा नापास झाली आणि घरच्यांचा धीर सुटला. बाबा तिला कायमचं न्यायला आले. बसला वेळ होता, म्हणून वर्ग संपेपर्यंत मागच्या बाकावर बसले. पहिल्या महायुद्धानंतरचा तह चालला होता. सुनंदा पिशवी मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसलेली. मला फार वाईट वाटत होतं, शिकवण्यात लक्ष नव्हतं.

मधेच बाबांनी हात वर केला. तह ठरला तेव्हा हरलेले कुठं बसले होते, असं त्यांनी विचारलं. ठरवताना त्यांना बसवलंच नाही, तयार कागदावर सह्या घेतल्या, मी सांगितलं.

"मंग भांडण मिटलंच नाई, सर. आमच्या गावात दंड घेतला का त्याच दिवशी हरलेल्याले पंगतीत बसवतो." मग म्हणाले, "पुन्हा लढले असतीन ना?"

"वीस वर्षांनी," मी म्हणालो.

त्यांनी सुनंदाच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि बाकाखाली ठेवली. "थे काऊन लढले, थे पुरं शिकून घे. मंग गावाले येऊन सांग."