सात इंच कमी

आम्ही शिरवण्यात राहायला आलो त्या दिवशी आईचं लोखंडी कपाट जिन्याखाली उभं होतं आणि हमाल जिन्याकडे बघून माना हलवत होते. तेवढ्यात मागच्या बैठ्या घरातून बनियन आणि अर्ध्या चड्डीतले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी कमरेची टेप ओढली, कपाट मापलं, जिना मापला आणि म्हणाले, "दारं काढा, आडवं घ्या, न् दुसऱ्या वलनावर उबं करा. अर्धा इंच उरतंय." कपाट वर गेलं. उरला तोही अर्धाच इंच. त्यानंतर त्यांनी माझं नाव विचारलं.

हे हिरातात्या. आमचे घरमालक गजादादा यांचे थोरले भाऊ. गजादादांनी वडिलोपार्जित जागेत तीन मजले चढवले होते. तात्यांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते मागे जुन्या खोलीत एकटेच राहत. अंगणात त्यांची गाडी उभी होती. छोटा ट्रक, मागे हौदा, दोन्ही बाजूंना अवजारांची लोखंडी कपाटं. एके काळी तात्या ही गाडी घेऊन कारखान्यांचे पंप दुरुस्त करत फिरायचे आणि ते व गजादादा ती आलटून पालटून चालवायचे. मग इंजिन जाम झालं. गजादादा भाड्यांवर बसले, आणि तात्या ओट्यावर. धाकट्या भावाच्या घरून येणारं ताट जेवायचं, ही तात्यांना आतून खाणारी गोष्ट होती. त्यांना पुन्हा कामावर जायचं होतं. बाकी काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

मी महाप्याला एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करते हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी तात्या तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन वर आले. बसल्या बसल्या म्हणाले, "बाय, तुज्या कंपूटरवर इंजिन निघंल काय?"

त्यांनी एका भंगारवाल्याकडे जुन्या जीपचं इंजिन हेरून ठेवलं होतं. तीन दिवस तिथे उकिडवं बसून त्याची मापं घेतली होती, सगळी कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीने. ते इंजिन आपल्या गाडीत बसवायचं. पण ते आधी आणायचं नाही. आधी प्लायवूडचं करून बसवून बघायचं. मी ड्रॉइंग काढलं, तात्यांनी प्लाय कापला, आणि महिन्याभरात अंगणात खऱ्या मापाचं लाकडी इंजिन तयार झालं. माझ्या आईला आधी तो देव्हारा वाटला.

लाकडी इंजिन गाडीत टांगलं तर खालचं तेलाचं भांडं पुढच्या ॲक्सलवर टेकायला लागलं. दोन इंच मागे घेतलं तर गिअरची दांडी सीटमध्ये आली. दांडी वाकवली तर पंखा रेडिएटरला लागला. एक जागा सुटली की दुसरी अडायची. मी वैतागून म्हणायची, "तात्या, अर्ध्या इंचाने काय होतं?"

"तुज्या चपलंत अर्ध्या इंचाचा खडा घाल, म्हाप्याला जाऊन ये, न् मंग मना सांग."

अशी सहा वर्षं गेली. सहा वर्षं रविवारची सकाळ तात्यांची. मैत्रिणी परदेशी गेल्या, पुण्याला गेल्या. मी त्याच नोकरीत, आईच्या गुडघ्यांपायी आणि परवडणाऱ्या भाड्यापायी त्याच खोलीत. कधी कधी तात्यांचा रागही यायचा. आपण एका न संपणाऱ्या कामाला जुंपले गेलो आहोत असं वाटायचं. पण सोमवारी ऑफिसात दुसऱ्यांचे पाइप काढताना डोक्यात तात्यांचा पंखाच फिरत असायचा. तात्यांना तर दुसरं काही दिसतच नव्हतं. नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढवायचा अर्जही त्यांनी माझ्याकडून आधीच लिहून घेतला होता.

शेवटी एकदा खरं इंजिन हातगाडीवरून आलं. आमच्या जिन्याच्या तुळईला चेन पुली बांधून तात्यांनी आणि एका मेस्त्रीने ते उचललं, गाडी त्याखाली ढकलत आणली आणि इंजिन हळूहळू आत सोडलं. कुठेही टेकलं नाही. मेस्त्री तात्यांकडे बघतच राहिला. "माप खोटं बोलत नाय," तात्या म्हणाले, "मानूस बोलतो."

चार दिवसांनी गाडी सुरू करायची ठरली. अख्खी आळी जमली. गजादादांनी नारळ फोडला. तात्या धुतलेला शर्ट घालून केबिनमध्ये बसले, किल्ली फिरवली, इंजिनाने दोनदा खोकून घेतलं आणि धरलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी पंधरा पावलं पुढे आली आणि थांबली.

"तात्या, फुडं घे की," गजादादा म्हणाले.

तात्यांनी गाडी पुढे घेतली नाही. तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती तेव्हाही माझ्याकडून राहूनच गेली होती. अंगणातून रस्त्यावर जायला एकच बोळ आहे, आणि बोळाच्या तोंडाशी आमच्या जिन्याचा खांब आहे. गाडी बंद पडल्यावर वर्षभराने तो उभा राहिला. बंद गाडी बाहेर कशाला काढायची, म्हणून कुणी विचारच केला नव्हता. मी सहा वर्षं गाडीच्या आतला कोपरा न् कोपरा काढला. गाडीबाहेरचं काहीच काढलं नाही. रोज त्याच खांबाला हात टेकून मी जिना चढत होते.

तात्यांनीच खिडकीतून टेप माझ्या हातात दिली. मी गाडीची रुंदी मापली, मग खांब आणि भिंत यांच्यामधली वाट मापली. सात इंच कमी.

गजादादांनी दुसऱ्याच दिवशी एक इंजिनिअर आणला. त्याने खांबाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तिन्ही मजल्यांचा भार त्याच्यावर. गजादादा आमच्याकडे येऊन बसले आणि चहा तसाच ठेवून म्हणाले, "ताई, गावाला वाटतंय मी भावाला कोंडला. मी काय करू? घर पाडू?" आम्हीही त्याच घरात राहत होतो.

मी खाली गेले. तात्या बॉनेट उघडून इंजिन पुसत होते.

"तात्या, अर्धा इंच न सोडणारा माणूस तुम्ही. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"खांब उबा केला त्या दिसी दोरी मीच धरली होती, बाय. सात इंच कमी, ते मना तवाच कललं."

"मग बोलला का नाहीत?"

"गजाची तीन पोरं. वर चढाला जिना नको? बंद गाडीसाटी कोन रस्ता सोडतो?"

"मग इंजिन कशाला? सहा वर्षं कशाला?"

त्यांनी फडकं झटकलं. मला वाटलं ते रागावले, पण ते रागावले नव्हते. "बंद होती तवर लोक बोलायचे, हिराची गाडी मेली. बोलायचे न् फुडं जायचे. आता बोलतात, अडकली. अडकल्याला निदान इचारतात तरी, कदी सुटनार म्हनून."

मी त्यांना बरंच सुनावलं. माझे रविवार, माझी मेहनत, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला ओट्यावर बसवून चहा दिला. आज त्या बोलण्याची मला लाज वाटते.

त्यानंतर रोज सकाळी आठला तात्या गाडी सुरू करत. खांबापर्यंत पुढे, भिंतीपर्यंत मागे, आणि पुन्हा पुढे. भाडेकरू धुराबद्दल कुरकुरत. गजादादा त्यांना गप्प करत. गाडी उभी करायची ती पुढेच, तोंड रस्त्याकडे. त्यामुळे तात्यांच्या दारातून निघणाऱ्याला अंग चोरून, एकेकाला जावं लागे. तात्या स्वतःही तसेच जात. कामावर जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ते सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

तिरडी बांधून झाली आणि न्यायची वेळ आली तेव्हा माणसं घुटमळली. दारापुढे गाडी. गाडी आणि भिंत यांच्यामधून एक माणूस जेमतेम जाणार, चार खांदेकरी कसे जातील? कुणी म्हणालं, हौद्यावरून घ्या. कुणी म्हणालं, तिरकी करा. गजादादा म्हणाले, "थांबा." त्यांनी आत जाऊन खिळ्यावरची किल्ली आणली आणि केबिनमध्ये चढले. गाडी बंद पडल्यापासून ते तीत बसले नव्हते. इंजिनाने पहिल्याच फेरीला धरलं. आरशात बघत, कुणाला हात दाखवू न देता, त्यांनी गाडी अगदी भिंतीला लागेपर्यंत मागे घेतली.

दारापुढे ऐसपैस जागा झाली. चौघांनी तात्यांना उचललं. गजादादा उतरून धावले आणि पुढचा खांदा त्यांनी घेतला. खांबाजवळून तिरडी सहज गेली. नको म्हणत असताना माझी नजर तिथली उरलेली जागा मोजत होती. माणसं रस्त्याला लागली आणि बायका अंगणात राहिल्या.

गाडी चालूच होती. गजादादांकडून घाईत ती बंद करायची राहून गेली होती. मी केबिनमध्ये चढले. त्या इंजिनाचं एकेक माप मला पाठ होतं, पण आत मी कधी बसले नव्हते. सीटवर तात्यांचा रुमाल होता. समोरच्या काचेतून बोळ दिसत होता, खांब दिसत होता आणि खांबापलीकडे रस्ता.

"अगं, बंद कर ती," आई खालून म्हणाली, "धूर होतोय."

"करते," मी म्हटलं, आणि किल्लीला हात न लावता रडत बसले.