देगेत शिजवलेला एल्बो

२०२३ साल. माझं वय बासष्ट. जुलैतला मंगळवार होता आणि निशा मॅडम मला सांगत होत्या की माझ्या वेल्डिंगमधून पाणी गळतंय.

"काका, एल्बो लीक आहे. इंजिनात पाणी गेलंय."

"एल्बो लीक असेल मॅडम. माझा टाका लीक नसतो."

"टाका एल्बोवरच आहे ना?"

मी चौथी शिकलेला माणूस, दापोलीजवळच्या गावचा. पण अडतीस वर्षं बीड जोडतोय, त्यातली एकोणतीस कुवेतमध्ये. बीड म्हणजे कास्ट आयर्न, ओतीव लोखंड. ते जोडणं सगळ्यांना जमत नाही. मला जमतं. निशा मॅडम आमच्या बोट-दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या इंजिनीयर. कुवेतमधल्याच अहमदी गावात जन्मल्या, तिथेच वाढल्या. मराठी सगळं समजतं, पण रागावल्या की इंग्रजीत जातात. त्या दिवशी अजून मराठीत होत्या.

एल्बो म्हणजे काय ते सांगतो. बोटीचं इंजिन बोटीच्या पोटात बंद असतं. धुराचा पाइप लाल झाला तर बोट पेटेल. म्हणून तो पाइप दुहेरी असतो. आतल्या नळीतून धूर जातो, बाहेरच्या कोटातून समुद्राचं पाणी फिरतं आणि पाइप गार ठेवतं. दोघांच्या मध्ये फक्त एक भिंत. ती फुटली की पाणी धुराच्या वाटेने उलटं इंजिनात उतरतं. मग इंजिन गेलं.

बोट अबू सालेमची. तो नोखदा, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, बोटीचा कप्तान. वयाने माझ्यापेक्षा मोठा, दात कमी, आवाज जास्त. गेल्या गुरुवारी त्याचा एल्बो मीच जोडून दिला होता. शुक्रवारी पहाटे पापलेट पकडण्यावरची बंदी उठणार होती. सगळ्या बोटी जाणार आणि याची धक्क्याला. नवा एल्बो यायला तीन आठवडे.

अबू सालेम माझ्या बाकड्यावर येऊन बसला. त्याच्या हिंदी-अरबीत म्हणाला, "सदा, तू बोलला होता, दहा साल कुछ नही होगा. दहा दिन भी नही हुआ."

हे मला लागलं. सगळं वर्कशॉप ऐकत होतं. मी हातातला होल्डर वर केला. वेल्डिंगचा रॉड ज्यात धरतात तो चिमटा म्हणजे होल्डर. म्हणालो, "गळती माझ्या टाक्याजवळ निघाली तर मी हा होल्डर धरणार नाही. खलास."

मग टेस्ट. एल्बोच्या पाण्याच्या तोंडांना रबर लावून पट्ट्या आवळल्या, एका पट्टीला सायकलचा व्हॉल्व्ह बसवला आणि कोटात दोन बार हवा भरली. पाण्याच्या टाकीत बुडवला. सायकलचं पंक्चर काढतात तसंच. भिंत फुटली असेल तर धुराच्या नळीतून बुडबुडे येतात.

एक बुडबुडा नाही. अर्धा तास बघत बसलो. प्रेशरचा काटा हलला नाही.

"बघा मॅडम."

"मग पाणी आलं कुठून? इट डिडन्ट रेन इन द इंजिन, काका."

गेल्या इंग्रजीत. मी छाती फुगवून फिरलो खरा, पण मनात खुटखुट राहिली. निघताना अबू सालेम बोलला होता, "सकाळी धक्क्यावर ठीक असते. तास-दीड तास चालली की मग पाणी. माझे गुडघे उलटे. सकाळी त्रास, मग ठीक."

रात्रभर ते गुडघे डोक्यात फिरत राहिले. बुधवारी सकाळी डोक्यात उजेड पडला. चीर गार असताना मिटते आणि तापल्यावर उघडते. मी गार पाण्यात शोधत होतो. गरम पाण्यात शोधायला हवं होतं. पण आमची टाकी प्लास्टिकची.

वर्कशॉपच्या मागेच आमच्या मेसचं किचन. तिथे हमीदभाई. हर्णैचा माणूस, पन्नास जणांचं जेवण एकट्याने काढतो. त्याच्याकडे बिर्याणीची देग आहे. तिच्यात मी स्वतः बसू शकतो.

"हमीदभाय, देग हवी."

"कित्या?"

"एल्बो उकडायचाय."

त्याने डाव खाली ठेवला. "सदा, तुजं डोसकं फिरलंय. शुक्रवारची बिर्याणी होते तिच्यात. तू सायलेन्सर शिजवणार?"

"घासून देईन."

"तू? घरी पाण्याचा पेला तरी विसळलायस?"

"माझ्या हाताने घासून देईन. चकचकीत."

हे ऐकायला मिळतंय म्हणून त्याने देग दिली असावी. बारा वाजता जेवणं आटोपली. देग चुलीवर चढली, कोटात परत हवा भरून एल्बो आत गेला. मॅडम आल्या, अबू सालेम आला, निम्मं वर्कशॉप आलं. हमीदभाईने चूल स्वतःच्या हातात ठेवली. पाणी उकळलं असतं तर सगळीकडे बुडबुडे आणि टेस्ट फुकट. चहा उकळीला यायच्या जरा आधी पाणी जसं कुजबुजतं, तिथे त्याने ते धरून ठेवलं. मला ते जमलं नसतं. हे इथे लिहितोय, त्याला सांगितलेलं नाही.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली.

"आला," हमीदभाई म्हणाला.

धुराच्या नळीतून एक बुडबुडा वर आला. मोहरीएवढा. मग दुसरा. मग माळच लागली. अबू सालेम टाळ्या वाजवायला लागला, जणू पोरगा झाला. एल्बो काढला, आरसा आत घातला, टॉर्च मारली. केसाएवढी चीर. माझ्या टाक्याच्या कडेला लागून.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीच बोललो.

"माझीच आहे."

कारणही मला माहीत होतं. बीड जोडल्यावर सावकाश गार करावं लागतं, नाहीतर टाक्याच्या शेजारी तडकतं. त्या गुरुवारी मी फॅन लावून गार केलं होतं. हमीदभाईचं सुरमईचं कालवण संपत चाललं होतं.

"म्हणजे कालवणाने फोडला," हमीदभाई खूश होऊन म्हणाला.

मी होल्डर आणून मॅडमच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"काका, धरणार नाही म्हणालात. कधीपासून ते म्हणाला नाहीत. आधी हे पूर्ण करा."

बाई हुशार आहे.

चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. मधली चीर घासून रुंद केली. देगेच्याच चुलीवर एल्बो इतका तापवला की पाण्याचा थेंब नाचत उडून जावा. मग निकेलचा रॉड. बोटाच्या पेराएवढा टाका, हातोडीने हलके ठोके, थांबायचं, परत पेराएवढा. शेवटी पिंपात तापवलेली कोरडी वाळू भरून त्यात गाडला. वाळूची कुवेतमध्ये काय कमी!

"काका, कधी काढणार?"

"हात लावता येईल तेव्हा."

"एस्टिमेट?"

"उद्या."

रात्री मी मंगफ भागातल्या माझ्या खोलीवर गेलो नाही. पिंपाजवळ खाट टाकली. मला माझाच भरवसा नव्हता. हमीदभाईने जेवण तिथेच आणून दिलं आणि म्हणाला, "आज कालवण भरपूर ठेवलंय. सावकाश जेव."

गुरुवारी दुपारी एल्बो परत देगेत. अर्धा तास. काही नाही. हमीदभाईने स्वतः वाकून बघितलं. "शिजला," म्हणाला.

संध्याकाळी बोटीवर चढवला. इंजिनातलं तेल बदललं, सगळं पुसून काढलं. दोन तास समुद्रात फिरलो, मॅडमसुद्धा ओढणी डोक्याला बांधून. परत येऊन मी डिपस्टिक काढली. ही तेल बघायची पट्टी. तेलात पाणी मिसळलं तर दुधाच्या चहासारखं दिसतं. आमचं तेल मधासारखं होतं. अबू सालेमने पट्टी माझ्या हातातून घेतली, सगळ्या धक्क्याला दाखवली आणि ओरडला, "माकू माय!" पाणी नाही! शेजारच्या बोटीवरच्या लोकांनी भोंगे वाजवले. मॅडम हसत होत्या. मीही हसलो असेन.

तेव्हापासून मी बिडाचा कुठलाही पार्ट गार पाण्यात बघून पास करत नाही. तापवून बघतो. आणि टाका घातल्यावर जेवायला जात नाही.

राहिला माझा शब्द. तो मी पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी होल्डरला हात लावला नाही. शुक्रवार होता, वर्कशॉप बंद होतं. अबू सालेमची बोट पहाटेच बाकीच्यांबरोबर गेली होती. मी चिंच आणि राख घेऊन देगेत उतरलो आणि ती चकचकीत होईपर्यंत घासली. हमीदभाई वर उभा राहून सांगत होता कुठे काळं राहिलंय ते.