साडेचारची लाल रेघ

गाडीची किल्ली कोणाच्याही हातात देण्याआधी माझे सासरे एकच शब्द विचारायचे, "किती?" समोरच्याने "साडेचार" म्हटलं तरच किल्ली मिळायची. माझा नवरा अभय एवढा बाप्या माणूस, पण त्यालाही हे उत्तर दिल्याशिवाय गाडी मिळत नसे. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा मला वाटलं, हा काही कुळधर्माचा प्रकार असावा. मग कळलं की साडेचार म्हणजे साडेचार हजार. इंजिनाने एका मिनिटात जास्तीत जास्त इतकेच फेरे घ्यायचे, त्यावर एकही नाही.

गाडी जुनी, पांढरी, गोल दिव्यांची. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती कचेरीत कारकुनी करत असताना हौसेने घेतली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना तिला जरा तरुण करावंसं वाटलं. मोठा कार्बुरेटर बसवला, इंजिनाचं हेड थोडं घासून घेतलं. गाडी चढावर मस्त पळायला लागली. पण आतला क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि त्यांचे बोल्ट सगळे मूळचेच, जास्त फेरे न झेपणारे. म्हणून त्यांनी लकडगंजातून आरपीएमचा, म्हणजे फेरे मोजणारा, एक जुना मीटर शोधून आणला, डॅशबोर्डवर लावला आणि त्याच्या काचेवर साडेचारपाशी लाल रेघ ओढली. रेघेसाठी माझ्या नणंदेचं, पल्लवीचं, नेलपॉलिश पळवलं होतं.

"तोंड मोठं केलं बेटा, हाडं तेच हायेत," असं ते म्हणायचे. हे वाक्य गाडीपुरतं राहिलं नव्हतं. शेजाऱ्यांनी जुन्या पायावर दुसरा मजला चढवला तेव्हा फाटकात उभं राहून त्यांनी हेच ऐकवलं, आणि शेजारी महिनाभर बोलले नाहीत. अभयने तिसऱ्या पुरणपोळीला हात घातला की पंक्तीच्या दुसऱ्या टोकाकडून प्रश्न यायचा, "किती?"

मला गाडी त्यांनीच शिकवली. "काटा पाहाचा, पण आधी ऐकाचं," हा त्यांचा पहिला धडा. मी गिअर टाकताना ते डोळे मिटून बसायचे आणि मान हलवायचे, गाणं ऐकत असल्यासारखे. "सूनबाईचा कान चांगला हाये," असं ते आल्यागेल्याला सांगायचे, तेही मुलाच्या देखत. सासूबाईंना ते फारसं रुचत नसे. मला मात्र मूठभर मांस चढायचं.

पल्लवीचं सासर कामठीचं. लग्न नागपुरात झालं आणि पाठवणी आमच्याच गाडीतून करायची ठरली. चालवायला कोण, यावर घरात बरीच चर्चा झाली. मामाजींनी ती एका वाक्यात संपवली, "माही पोरगी सूनबाई नेईन." मी "साडेचार" म्हटलं, किल्ली घेतली आणि नवरा-नवरीला मागे बसवून निघाले.

कामठी रोडवर काटा तीन हजारावर होता. मी तो पाहिला होता. तेवढ्यात बोनेटखाली घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला, गाडी धक्के खात थांबली आणि रस्त्यावर तेलाचं थारोळं साचलं. वऱ्हाडाची बस कधीच पुढे निघून गेली होती. शेवटी पल्लवी आणि जावई एका शेअर ऑटोत बसले. पल्लवीच्या शालूवर कोणाची तरी मेथीची जुडी होती. ती सासरच्या दारात ऑटोतून उतरली त्याचा व्हिडिओ आम्ही घरी पोचायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत होता.

अभयच्या स्कूटरवर मामाजी आले. त्यांनी बोनेट उघडलं, इंजिनाला पडलेलं भगदाड पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी सगळे बैठकीत जमले होते. "खरं सांग वं, काटा रेघेच्या वर गेला होता न?" सासूबाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग अभयच्या आत्याबाईंनी विचारलं, मग अभयनेही, जरा हळू आवाजात. मामाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसले होते. सगळे इतकं विचारतायत म्हणजे आपलंच चुकलं असेल, असं मला वाटायला लागलं. मी म्हणाले, "गेला असेल." त्याबरोबर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढचे काही दिवस मी ओसरीवरही गेले नाही.

मांडवपरतणीला पल्लवी सासरच्या मंडळींसह जेवायला आली. मी वडाभात वाढत होते. व्याही हसत म्हणाले, "वैनी, आमच्या सुनेले गाडी शिकवू नका बरं!" पंगत खदखदून हसली. मी ताटाकडे पाहत पुढे सरकले. तेवढ्यात मामाजी हात न धुता पानावरून उठले, आतून रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आले आणि व्याह्यांसमोर उभे राहिले. रुमालात इंजिनातल्या तुटलेल्या बोल्टचे दोन तुकडे होते.

"हा पाहा. मधातून बारीक झाला हाये," ते म्हणाले. "हा एका दिवसात नाही तुटला. आधी ताणल्या गेला. अन् ताणला मी."

पल्लवीच्या लग्नाआधी ते जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेले होते. तिथे गाडी घेऊन आलेल्या, नागपुरातल्याच जरीपटका भागातल्या एका पोराने त्यांना डिवचलं, "दादाजी, ये तो शो की गाड़ी है." परत येताना मोकळ्या रस्त्यावर मामाजींनी त्याला मागे टाकलं.

"काटा साडेपाचले टेकला. मले मजा आली," हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी काही झालं नाही. हिच्या हातात तुटला तवाच मले समजलं होतं. पण चूप राहिलो. तुमच्यासमोर, इवायासमोर, लाज जाईन म्हून."

मग ते माझ्याकडे वळले. "काटा कितीवर होता वं?"

"तीन."

"मंग 'गेला असेल' काहून म्हटलं?"

ते थांबले, खरंच उत्तराची वाट पाहत. मग म्हणाले, "माह्या घरात तुले आपले डोळे खोटे पाडा लागले."

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. खरकटा हात आखडून धरलेला तो म्हातारा माणूस पंगतीसमोर उभा होता, आणि माझी मान आणखीच खाली गेली. त्यांना असं उभं राहावं लागलं याची लाज तर होतीच. पण डोळ्यांनी पाहिलेलं मी इतक्या सहज सोडून दिलं, याचीही होती. ती अजून पुरती गेलेली नाही.

मामाजी आता नाहीत. मला ते आठवतात, इंजिन पुन्हा बांधून आलं त्या सकाळचे. किल्ली त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिली होती. ते अंगणात आले आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मी काही न विचारताच किल्ली द्यायला लागले, पण ते घेईनात.

"इचार न वं," ते म्हणाले.

सासऱ्यांना असं विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यांच्या चपलांकडे पाहत मी म्हणाले, "किती?"

"तू म्हणशीन तेवढे," मामाजी म्हणाले.